हॉर्नची दुसरी वायर

खंडेनवमी उजाडली, तरी आजोबांच्या मोटरसायकलचा हॉर्न मुकाच होता.

इचलकरंजीत आता पेट्रोलच्या गाड्या वर्षातून एकदाच, खंडेनवमीच्या मिरवणुकीत, रस्त्यावर यायच्या. त्याआधी तपासणी. हॉर्न नापास झाला, की गाडी कायमची संग्रहालयाच्या काचेआड! अण्णा आजोबा गेल्यानंतरची ही पहिलीच मिरवणूक. त्यामुळे यामिनी रडकुंडीला आली होती.

"एक वायर कमी आहे," ढब्बू यंत्रमानव म्हणाला. "दिव्याच्या स्विचमध्ये एक वायर येते, दुसरी जाते. हॉर्नच्या बटणाला एकच! दुसरी कुठं गेली?"

"गेल्या वर्षीपण एकच होती की," मालूआत्या म्हणाली. ती विजेवर संशोधन करायची, आणि सरळ उत्तर द्यायचं नाही ही तिची खोड!

"तरी वाजत होता?" यामिनीचं डोकं चक्रावलं.

"बॅटरीतून निघालेली वीज बॅटरीत परतली, तरच परिपथ (विजेचा पूर्ण फेरा) होतो. वायर नसेल, तर ती कशातून परतेल?"

"धातूतून," ढब्बू म्हणाला.

यामिनी गाडीकडे बघतच राहिली. "म्हणजे... अख्खी गाडीच दुसरी वायर?"

"बरोबर!" आत्या म्हणाली. "बटण दाबलं, की हॉर्नची वायर हँडलला जोडली जाते. हँडलमधून सांगाड्यात, तिथून बॅटरीत."

"पण हँडल तर तेच आहे!"

"यंदा त्याला काय केलंस गं?"

यामिनी ओशाळली. खंडेनवमीला गाडी नवी दिसावी, म्हणून तिनं हँडल काढून थरावर थर रंग चढवला होता. रंग म्हणजे विद्युतरोधक (वीज अडवणारा पदार्थ)! तिनं जड मनानं बटणाच्या पट्टीखालचा रंग पॉलिशपेपरनं खरवडला आणि बटण दाबलं.

आवाज नाही.

यामिनीनं बटणापासून बोट फिरवत फिरवत विजेची वाट शोधली. हँडल सांगाड्याला आवळलं होतं, तिथं बोट थांबलं.

"इथंही रंग आहे!"

नट सैल केले, रंग खरवडला, नट आवळले.

पींऽऽप!

तपासनीसानं मान डोलावली आणि आत्यानं गाडी मिरवणुकीत काढली.

"आत्या, पुढच्या वर्षी सगळं वायरिंग मीच करणार," मागं बसलेली यामिनी म्हणाली.

"कर की. बटण दाब आता, वळण आलंय."

यामिनीनं हात पुढं करून हॉर्न वाजवला. कोपऱ्यावरच्या घरातून आजोबांचे मित्र, बापू मगदूम, हाक मारतच धावत आले, "अण्णा आला रे!"

गाडीवर आत्या दिसताच दारात ते थबकले. आत्याचे डोळे भरून आले.

"दाब गं," ती म्हणाली, "अजून एकदा."