जेकबला लावलेलं गोत्र

खोटं वाटत असेल त्याने प्रीताच्या घरी जाऊन बघावं. माझी मावसबहीण आहे ती. तिच्या घराबद्दल मी कशाला काहीबाही उठवू?

न्यू जर्सी, आयसेलिनपासून अर्ध्या तासावर. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. रविवार... भर दुपारचे बारा.

तिचं घर आहे ती जमीन, अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, जेकब हॅलोवे नावाच्या जमीनदाराची होती. त्याच्या घराण्याचा इतिहास शोधायचं प्रीताला वेडच लागलं होतं. चर्चची जुनी दप्तरं, मृत्युपत्रं, सगळं उपसलं. शेवटी कळलं, त्याला सात मुलं झाली आणि सातही लहानपणीच गेली.

पुढे कुणीच नाही.

प्रीताला गलबलून आलं. भाबडी आहे हो पोरगी!

त्या दुपारी तिचा नवरा श्रीराम तर्पण करत होता. लांबच्या ट्रॉय गावचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर. त्यांनी विचारलं, "आणखी कुणाचं नाव घ्यायचंय?"

"जेकब हॅलोवे," प्रीता मागून म्हणाली.

"काय हे यार, प्रीता!" श्रीरामला हसू आलं.

गुरुजी म्हणाले, "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणू."

"नको, आमचंच लावा. बिचाऱ्याचं कुणी नाही हो."

झालं! परक्या माणसाला घरचं करून बसली.

चार पानं वाढून तिने मागच्या अंगणात ठेवली. चौथं जेकबचं. एरवी तिथे कावळ्यांचा नुसता कलकलाट...

त्या दिवशी एकही नाही.

शेजारी गवत कापायचं मशीन चालू होतं. माणूस ते ढकलत होता, पण आवाज...

आवाज येईना.

मग मागच्या दारावर टकटक झाली. सावकाश. तीनदा.

प्रीताने दार उघडलं. दारात कुणी नाही. चौथं पान चाटूनपुसून साफ. पानाशेजारी तिची नऊ वर्षांची सावनी उभी होती. एक हात वर... कुणीतरी धरल्यासारखा.

"सावनी, आत ये बघू!"

तिने वळून आईकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे बघतात तसं.

"थँक यू फॉर द मील, मॅडम. आय हॅव टू गो होम नाऊ."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल म्हणे! गुरुजींना फोन केला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, आपला म्हणून जेवू घातलंत. आता जा कसं म्हणायचं, ते मला येत नाही."

सावनी जेवते, शाळेत जाते. पण आई म्हणत नाही. रोज बाराच्या ठोक्याला, असेल तिथून, ती उठून निघते. रडत नाही, हट्ट करत नाही. फक्त विनवते, सोडा म्हणते. प्रीताने नोकरी सोडली. रोज त्या वेळी शाळेत जाऊन लेकीचा हात धरून बसते.

काल तिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"ताई, आधी नुसता हात धरला तरी थांबायची गं. आता पलीकडूनही कुणीतरी ओढतंय... मला जाणवतं. दर दिवशी जास्त जोराने. मी किती दिवस पुरणार?"