उजाडलं की उतरणारा काटा

"माझा सख्खा भाऊ मला फसवतोय, काकू. पुरावा तेवढा द्या, आज त्याच्याकडून गाडीची चावी काढून घेतो."

बेकरीवाला खुर्चीत टेकला न टेकला तोच बोलून मोकळा झाला. काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. खासगी तपासाचा धंदा त्यांनी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून चालवला होता. त्यांचे जावईबापू दाराशी चुळबुळत होते. सासूबाईंना स्कूटरवरून नेणं-आणणं एवढंच त्यांचं काम, पण भावाभावांचं भांडण म्हटलं की ते आधी स्कूटरची किल्ली चाचपायचे.

हकिगत अशी. बेकरीची एकच पिकअप. पहाटेच्या अंधारात धाकटा पाव पोचवायला नेई, दुपारी थोरला, म्हणजे हा, मैदा आणायला. महिनाभर धाकट्याचं एकच तुणतुणं: टेम्परेचरचा काटा लालवर जातो, इंजिन जळेल म्हणून थांबावं लागतं. पाव उशिरा पोचत होते, गिऱ्हाइकं तुटत होती. थोरल्याच्या हातात मात्र काटा मधोमध, अगदी शहाण्यासारखा.

"आणि थांबतो कुठे? पलीकडच्या बेकरीच्या दारात! त्यांनीच फितवलाय त्याला."

काकू बेकरीवर पोचल्या, तेव्हा अंगणात पिकअप चकाकत होती.

"रंग नवा दिसतो," काकू म्हणाल्या.

"महिन्यापूर्वी मीच दिला!" थोरल्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "बॉनेटखालीसुद्धा एकेक बोल्ट खोलून, आतून रंगवून परत बसवलाय. गंजाला जागाच ठेवली नाही."

तो मैदा आणायला निघून गेला. काकूंनी गॅरेजच्या मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"सेन्सर बदलला, पंप बदलला. पाणी थेंबभर कमी होत नाही," मिस्त्री वैतागून म्हणाला. "मी हात टेकले. वर धाकट्या शेठनी हेडलाइटचे बल्ब बदलायला लावले, उजेड पिवळट पडतो म्हणून. जुने चांगले होते हो!"

धाकटा भट्टीपाशी पिठाच्या हातांनी उभा होता. मागे भिंतीला टेकून एक भरलेली बॅग होती.

"दादानं चावी मागितली की मी घरातूनच जाणार," तो म्हणाला.

"काटा चढतो तेव्हा काय करतोस?"

"गाडी बंद करतो. त्या बेकरीच्या दारात नळ आहे, म्हणून तिथे. पाणी ओतायला जावं तर रेडिएटर भरलेला! मग उजाडेपर्यंत बसून राहतो. उजाडलं की काटा वर जात नाही. दादाला सांगितलं, तर म्हणाला, काट्याला काय घड्याळ कळतं?"

जावईबापूंनी काकूंना बाजूला घेतलं. "आई, इथे नक्की पाणी मुरतंय. काटा माणूस बघून चढतो होय?"

"माणूस बघून नाही, जावईबापू. पण काहीतरी बघून चढतो खरा."

थोरला मैदा घेऊन परतला. काकूंनी सगळ्यांना गाडीभोवती बोलावलं आणि त्याला इंजिन चालूच ठेवायला लावलं. काटा मधोमध होता.

"आता हेडलाइट लावा."

"भर दुपारी?"

"लावा म्हणते ना!"

त्याने बटण दाबलं. काटा टुणकन लालवर गेला. बंद केलं, तर पुन्हा मध्ये. थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाणी असं पापणी लवायच्या आत तापतं आणि निवतं का?" काकूंनी विचारलं. "मग इंजिन तापलेलंच नव्हतं. रेडिएटरही भरलेला होता. काटाच खोटं बोलत होता, पण फक्त अंधारात, म्हणजे दिवे लागल्यावर. दिवेही पिवळट, बल्ब बदलूनसुद्धा. दोघांनाही वीज नीट परत जायला वाट मिळत नव्हती. ती वाट म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली अर्थची वायर. मिस्त्री, तो बोल्ट खोला."

बोल्टखाली पत्र्यावर गुळगुळीत, जाड रंग होता.

"रंगातून वीज जात नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "रंग दिला महिन्यापूर्वी. काटा चढायला लागला तोही तेव्हापासूनच."

मिस्त्रीने पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला आणि बोल्ट आवळला. दिवे पांढरेशुभ्र लागले. काटा हलला नाही.

थोरल्याने इंजिन बंद केलं. मग खाली उतरून त्याने चावी पुढे केली.

"घे. मी तुला खोटारडा म्हणालो रे."

धाकट्याने चावी घेतली नाही. "उद्या पहाटे तू चालव, दादा. मी शेजारी बसतो. अंधारात एकदा तरी ये."

"येतो. आणि ती बॅग?"

"परत आलो की रिकामी करतो," धाकटा म्हणाला.