आत्याच्या वाचनातला हुंकार

खोटं वाटलं तर वाटू दे. पण ही आमच्याच घरातली, गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. आणि रात्रीची नाही... दिवसाढवळ्याची.

माझी चुलत बहीण, आमची ताई, जन्मापासून दृष्टिहीन. एका जुन्या अमेरिकन कादंबरीतला एकटेपणा आणि स्वप्नं, यावर तिला कॉलेजसाठी निबंध लिहायचा होता. वाचून दाखवायचं आत्याने अंगावर घेतलं. आत्या म्हणजे निवृत्त शिक्षिका, पलीकडच्या गल्लीत एकटी राहणारी. रोज दुपारी चारला एक प्रकरण वाचायची आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. पान उलटलं की बारीकसं खाकरायची. ती तिची चाळीस वर्षांची खोड.

पहिल्याच प्रकरणात ताई थबकली.

वाक्य संपलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं...

"हं."

गोष्ट ऐकणारा देतो ना, तसा हुंकार.

ताईने लगेच फोन लावला. आत्या हसली. "कोण असणार गं? या घरात भिंती आणि मी."

आत्या काहीतरी लपवतेय, असं ताईच्या मनाने घेतलं. तिने मला बघायला पाठवलं. मी अगदी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. दाराशी एक चप्पलजोड. ओट्यावर एक कप. बाकी कुणी नाही.

पण ताईचे कान तिखट.

पहिल्या प्रकरणात हुंकार दारापाशी होता.

चौथ्यात... खोलीच्या मध्यावर.

नवव्यात... थेट आत्याच्या खुर्चीमागे.

ताईने आत्याला वाचन थांबवायला सांगितलं. निबंध गेला खड्ड्यात, म्हणाली. आत्या चिडली.

"तुला नको तर नको ऐकूस. कुणीतरी ऐकतंय, एवढं मला पुरे आहे."

शेवटचं प्रकरण आलं. आवाज आत्याचाच, स्वच्छ, फोनजवळ. हुंकार एकही नाही. सुटलो बुवा, असं मी म्हणालो.

ताई मात्र पांढरीफटक पडली होती.

"आता पान उलटेल," ती म्हणाली. "नीट ऐक."

पान उलटलं. खाकरणं आलं...

लांबून. दारापासून.

आम्ही दोघं धावत गेलो. आत्या ठणठणीत. तिने चहा केला, गप्पा मारल्या. आधीपेक्षा जरा खुशीतच होती. तासाभरात एकदाही खाकरली नाही.

निघताना मी दाराशी वाकून चपला घालत होतो. आत्या दहा पावलं लांब, ओट्यापाशी.

माझ्या कानाजवळ कुणीतरी बारीकसं खाकरलं...

काकांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, आम्हाला वेड्यात काढलं. वर आत्याला कायमची आपल्याकडे राहायला बोलावलं. येत्या रविवारी ती ते घर बंद करून येतेय. सगळे खूश आहेत.

ताईचा निबंध अजून कोरा आहे. ती मला एकच विचारत बसते.

"येतेय ती येऊ दे. पण तिथे मागे कोण राहणार?"