हातातून हातात

नर्मिनने मला तिच्या दुकानात बोलावलं ते कढई घोटायला. लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या रिटायर्ड बाईला दुसरं काम तरी काय असणार? नोव्हेंबरची दुपार होती. साडेतीनलाच उजेड मावळायला लागला होता.

हे मिठाईचं दुकान तिच्या आजोबांचं. तुर्कस्तानातून येताना त्यांनी तांब्याची कढई आणि लांब दांड्याचा लाकडी कालथा तेवढा आणला. त्यांच्यामागे तिचे वडील, हिकमतबाबा. तीस वर्षांपूर्वी मी इथे नवी, पोटुशी, आईच्या आठवणीने हळवी झालेली, त्यांच्या दारात उभी होते. बाबांनी माझ्या हातावर ताजं लोकुम ठेवलं. इथले लोक त्याला टर्किश डिलाइट म्हणतात. तो गुलाबाचा वास आला आणि मी परक्या दुकानात ढसाढसा रडले. त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

बाबा जानेवारीत गेले. कृती कुठेच लिहिलेली नव्हती. 'कढईचा आवाज बदलला की झालं,' एवढंच ते सांगायचे. तेव्हापासून नर्मिनची एकही कढई जमली नव्हती, नुसता चिकटा व्हायचा.

"अब्ला," ती म्हणाली. त्यांच्यात मोठ्या बहिणीला अब्ला म्हणतात. "आज सेट नाही झालं तर सोमवारी मी लीज सोडते. बास झालं."

आवाज पुन्हा ऐकता यावा म्हणून मी फोन रेकॉर्डिंगला लावून फळीवर ठेवला. दोन तास एकाच दिशेने घोटायचं, क्षणभरही थांबायचं नाही, हा त्या घराचा नियम. दमलेल्याने कढईवरची नजर काढायची नाही. मागून येणारा दांडा धरतो आणि 'बेंदे' म्हणतो, म्हणजे 'माझ्याकडे आहे'. ते ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही.

तासाभराने नर्मिनला आठवलं, गुलाबपाणी शेजारच्या गावी, स्लाऊला घरीच राहिलंय.

"ट्वेंटी मिनिट्स फक्त. थांबू नका हं."

ती गेली. कढईची खरखर आणि साखरेचा वास एवढंच उरलं. विसाची चाळीस मिनिटं झाली, माझे खांदे भरून आले. शेवटी मागे पाऊल वाजलं आणि गुलाबाचा वास आला. आली बाई एकदाची.

"घे गं... माझे हात गेले."

दांडा धरला गेला. मी इतकी दमले होते की 'बेंदे' ऐकायलाही थांबले नाही. भिंतीकडच्या स्टुलावर टेकले आणि डोळे मिटले. खरखर हळूहळू मऊ होत गेली. आई नारळाच्या वड्या घोटायची तेव्हा असाच आवाज यायचा. मला बहुतेक डुलकी लागली.

दारावरची घंटी वाजली. नर्मिन कोटासकट आत आली.

"सॉरी अब्ला, एम फोर हायवेवर अडकले... तुम्ही बसलात? मग कढई कोण..."

कालथा कढईत सरळ उभा होता. मिश्रण कडा सोडून गोळा झालं होतं. खोलीभर गुलाबाचा वास होता, आणि गुलाबपाण्याची सीलबंद बाटली नर्मिनच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी लोकुम सुरेख कापलं गेलं. पहिला तुकडा तोंडात टाकून ती रडली, मीही रडले. दुकान वाचलं होतं.

मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं. माझं "घे गं" झालं. त्यावर एक दमलेला, ओळखीचा आवाज आला. "बेंदे."

"बाबा," नर्मिनने माझा हात धरला.

बऱ्याच वेळाने दुसरा, फार म्हातारा आवाज आला. "बेंदे."

"आजोबा..."

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. वाटलं, कामाची माणसं कढई अर्धी टाकून जात नाहीत. मी फोन बंद करणार, तेवढ्यात, रेकॉर्डिंगमध्ये दारावरची घंटी वाजण्याच्या जरा आधी, एका बाईचा आवाज आला. "बेंदे."

नर्मिनने तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

"मी तेव्हा गाडीत होते, अब्ला," ती म्हणाली. "पण हा आवाज... माझा आहे."