राहिलेलं तिसरं गाणं

जमीन बघून माणूस ओळखता येतो. चेहऱ्याला लोक रंग लावतात, पण पायाखालच्या फळीशी खोटं कोण बोलणार? इथं कॅनडात, वॉनमध्ये, माझं फ्लोअरिंगचं गोडाऊन आहे. सुरुवात केली ती लोकांनी फेकलेल्या कार्पेटचे तुकडे वॉशरूमपुरते कापून विकण्यापासून. शिक्षण विचाराल तर इचलकरंजीला दहावीला दोनदा बसलो, नंतर मास्तरांनीच हात जोडले, "ईश्वर, आता पुरे." पण फळीवर टाच आपटली की ती कुठल्या झाडाची, कोणी कशी वागवलेली, खाली ओल आहे का, हे मला कळतं. एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरात माप घेताना बोलून गेलो, "बाई, इथं खिडकीपाशी कोणीतरी तासन्‌तास उभं राहतं." बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "सासूबाई राहायच्या. मुलाच्या गाडीची वाट बघत. त्यांना जाऊनही वर्ष झालं." मी विचारलं, "मग या फळ्या बदलू ना?" तर म्हणाल्या, "एवढ्या सोडून बाकीच्या बदला."

तेव्हा गाडीत बसल्यावर मी हसलो होतो. आता हसत नाही.

जवळच्या ग्वेल्फ गावातलं काम अगदी साधं होतं. एका जुन्या कामगार क्लबाचा हॉल पाडून तिथं कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, व्हायचे होते. जमीन अस्सल मेपलच्या लाकडाची. हॉल पाडण्याआधी ती मी उचलून न्यायची, एवढाच सौदा. डिसेंबरातला रविवार, दुपारची वेळ. विंटर टायर नुकतेच चढवले होते. खिशात टेप आणि पेन्सिल घेऊन मी दार ढकललं.

आधी वास आला. टाल्कम पावडरचा. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाला येतो तसा. पण त्या गारठलेल्या, कुबट हॉलमध्ये तो वास बरा वाटला नाही. मागोमाग आवाज. खट्-सर्र… खट्-सर्र… क्षणभर वाटलं, आपण इचलकरंजीच्या गल्लीत उभे आहोत आणि आत माग चालू आहेत.

आत म्हातारी माणसं नाचत होती.

सगळी सत्तरीच्या पुढची. ढगळ पँटी, घेरदार झगे, चामड्याच्या तळव्यांचे बूट. कोणी कोणाचा हात धरलेला नाही, जो तो आपापल्या जागी. कमरेच्या वरचं अंग जवळजवळ स्थिर, आणि पाय मात्र असे चाललेले की डोळा पुरा पडेना. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, एक गिरकी, हवेत एक लाथ, पुन्हा सर्र. स्टेजवर एकजण रेकॉर्ड लावत होता. गाणं मोठं विचित्र. गाणारा काळीज फाटल्यासारखा रडत होता आणि वाजंत्री लग्नाची होती.

गाणं संपल्यावर तो स्टेजवरचा माणूस खाली आला आणि डब्यातली पावडर मुठीने जमिनीवर शिंपडू लागला.

मी म्हटलं, "आमच्याकडे कॅरमवर टाकतात अशी."

"मग तुला समजेल," तो म्हणाला. "पाय सरकला पाहिजे. अडला की गुडघा गेला."

त्याचं नाव डेरेक. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरणगावातला, आईबाप दोघं मागावर. माझे वडीलही मागावरच होते म्हटल्यावर त्याने मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. म्हणाला, आमच्या गिरणीतली पोरं अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल संगीताच्या रेकॉर्ड शोधून आणायची, त्यातल्याही वेगाच्या, तिकडे कोणी न विचारलेल्या, धूळ खात पडलेल्या. त्यावर शनिवारची रात्र उजाडेपर्यंत नाचायची. इकडे आलो तसा तो नाच या हॉलमध्ये आणला.

"एके काळी दाराबाहेर रांग लागायची, ईश. आता रात्र झेपत नाही, म्हणून दुपार. नवीन कोणी येत नाही. माझा नातू म्हणतो, ग्रँडपा, हे रडक्या गाण्यांवरचं जिम आहे."

तो हसला, मीही हसलो. हसताना लक्षात आलं की हॉलच्या मधोमध एक जागा मोकळी आहे. सगळे तिला वळसा घालून जात होते.

"ती मॉरीनची," डेरेक म्हणाला. "माझी बायको. वारली, पण जागा तिचीच. इथं ज्याची जागा त्याची."

मग त्याने शेवटची रीत सांगितली. दर वेळी कार्यक्रम संपतो तो त्याच तीन गाण्यांवर. क्रमही तोच. तिसरं वाजल्याशिवाय फ्लोअर कोणी सोडत नाही. ते वाजलं, की कोट चढवून घरी.

पाच वाजता बिल्डर हॉलची वीज तोडणार होता. सगळ्यांना माहीत होतं, पण म्हातारी माणसं, एकेका गाण्याला "पुन्हा, पुन्हा" करत राहिली. शेवटच्या तिनांतलं पहिलं वाजलं. दुसरं वाजलं. डेरेकने तिसऱ्यावर सुई टेकवली, आणि दिवे गेले.

बाहेर अंधारलं होतं. आत कोणी हललं नाही. धापा तेवढ्या ऐकू येत होत्या. आणि त्या अंधारात, मधोमध, एकदाच… सर्र.

कोणीतरी फोनचा उजेड केला. मधली जागा मोकळीच होती.

"म्हणजे आज कोणी घरी गेलं नाही," डेरेक म्हणाला. गंमतीनेच म्हणाला असेल. निघताना त्याने मला आपला नंबर दिला. "फळ्या कुठं जातील तेवढं कळव."

दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन उचलायला गेलो. सवयीने मधल्या जागेवर टाच आपटली. एक क्षण गेला, आणि खालून तशीच एक टाच आपटली गेली. मी मनाशी म्हटलं, खाली पोकळी असेल, आवाज घुमला.

आता उल्काचं सांगतो. उल्का माझी बायको. त्याच्या वर्षभर आधी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. पायाला आकार होता, ऊब होती, पण हालचाल नाही. आमच्या बॅकयार्डात रोज फिरणारी बाई खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसून मला "अहो, तिकडे अजून बर्फ शोव्हल करायचं राहिलंय" असं सांगू लागली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, बेसमेंटच्या काँक्रीटवर नको, खाली लवचीक लाकूड असलं तर बरं. मला काय, गोडाऊनमध्ये ढीग पडलेला! त्यातल्या सगळ्यांत सुंदर फळ्या मी निवडल्या. मधल्या. वर्षानुवर्षं पावलं फिरून त्यांना मधाचा रंग चढला होता. घासून पॉलिश केल्या आणि स्वतःच्या हाताने बसवल्या. डेरेकला कळवायचं मात्र राहून गेलं.

आठवडाभरात जमिनीवर पांढरी धूळ दिसू लागली. पुसली, पुन्हा आली. फटींतून वर यायची, पीठ चाळल्यासारखी. वास तोच, न्हालेल्या बाळाचा. मी उल्काला म्हटलं, जुनी पावडर आहे, निघून जाईल. तिचं लक्षच नव्हतं. ती खाली बघत होती. तिचा डावा पाय हलत होता.

देवासमोर साखर ठेवली त्या दिवशी. मुलाला फोन केला. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं. महिन्याभरात उल्का कठड्याला धरून चालू लागली. मी तोंडभर कौतुक करायचो आणि ती गप्प गप्प. एकदा तिला आधार देत असताना तिने हळूच सांगितलं.

"अहो… मी नाही हलवत त्याला."

"म्हणजे?"

"तो मला विचारत नाही."

मी विषय बदलला. चालती झालेली बायको कोणाला नको असते?

फेब्रुवारीत एका दुपारी बर्फाचा पाऊस सुरू झाला. रस्त्यांची काच झाली. गोडाऊन बंद करून, गाडी रांगत घरी आणली. दार उघडलं आणि बेसमेंटमधून आवाज आला. खट्-सर्र… खट्-सर्र…

"उल्का?"

जिना उतरलो. पावडरचा वास इतका, की घशात बसला. खालचा एकच दिवा चालू होता, आणि त्याच्या उजेडात उल्का नाचत होती. गाणं नव्हतं, काही नव्हतं. दोन्ही पाय डावीकडे, उजवीकडे, गिरकी, हवेत लाथ. जिने जन्मात कधी फुगडीही घातली नाही, ती. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे माझ्यावर.

"अहो… थांबवा… दमले मी…"

मी धावत जाऊन तिला कमरेला धरलं आणि उचललं. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर आले. तरी चालतच होते… हवेत. आणि खाली, रिकाम्या फळ्यांवरून, आवाज येत होता. सर्र… सर्र…

तिला घेऊन जिन्याकडे निघालो, तर ती दगडासारखी जड झाली. माझं पाऊल उचलेना. कसाबसा फोन काढला आणि डेरेकला लावला.

"कुठल्या फळ्या?" त्याने विचारलं.

"मधल्या."

पलीकडे तो रेकॉर्ड चाळू लागल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "हायवे बंद आहे, ईश. मी येऊ शकत नाही. फोनचा आवाज मोठा कर आणि जमिनीवर ठेव."

पलीकडे सुईची खरखर आली आणि त्या तिनांतलं पहिलं गाणं आमच्या बेसमेंटमध्ये घुमलं. तिचे पाय तालात आले. चेहऱ्यावरची भीती विरत गेली. दुसरं गाणं लागलं, तसे पाय हळू झाले. मी देवाचं नाव घेत होतो. एकच राहिलंय, तिसरं. ते वाजलं की घरी. पुन्हा खरखर सुरू झाली.

उल्काचे ओठ हलले.

"नॉट द लास्ट वन, लव्ह."

आवाज तिचा होता. बोलणं तिचं नव्हतं. एवढी वर्षं कॅनडात राहून जिचं इंग्रजी सांगलीचंच राहिलं, ती थेट डेरेकच्या गावचं बोलली. फोनमध्ये श्वास अडकल्याचं ऐकू आलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गर्दीत धक्का लागलेल्या परक्या माणसाकडे बघावं, तसं.

"डेरेक… हू इज ही?"

"तिसरं लाव!" मी ओरडलो. "डेरेक, तिसरं लाव!"

खरखर थांबली. त्याने सुई उचलली होती.

"मला नाही जमणार, ईश," तो रडत म्हणाला. "ते लावलं की ती जाईल." आणि फोन बंद झाला.

त्याच क्षणी उल्का माझ्या हातांत कोसळली. डोळे उघडले तेव्हा माझीच होती. म्हणाली, "अहो, पाणी द्या ना."

दोन दिवस गेले. मग मी पहार घेऊन जिन्याकडे निघालो, तर तिने वाट अडवली. हो, उभं राहून, स्वतःच्या पायांवर.

"काढू नका हो. वर्ष काढलंय मी त्या खुर्चीत. थोडा वेळ तिचा, थोडा माझा. चालेल मला."

"आणि एक दिवस सगळाच तिचा झाला तर?"

"तुम्ही ओळखाल ना मला."

"मी ओळखेन गं. तू मला ओळखशील का?"

ती खुर्चीत बसली आणि तोंड खिडकीकडे केलं. मी खाली जाऊन शेवटच्या खिळ्यापर्यंत सगळं उपटलं. वर आलो तेव्हा तिचा डावा पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून घसरून लोंबत होता. मी तो उचलून जागेवर ठेवला. आम्ही दोघंही रडलो, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

फळ्या डेरेक येऊन घेऊन गेला. एकेक फळी त्याने दोन्ही हातांत अशी घेतली, जणू झोपलेलं मूल. माझ्या नजरेला नजर दिली नाही. आपल्या गराजमध्ये त्याने त्या जशाच्या तशा बसवल्या आहेत. रविवारी दुपारी एकटाच पावडर शिंपडतो, पहिलं गाणं लावतो, दुसरं लावतो आणि थांबून राहतो. मग मला फोन करतो. दर रविवारी.

"इकडे येत नाही रे ती… तिकडे आहे का?"

"नाही, डेरेक," मी सांगतो. "इथं नाही."

गेल्या रविवारीही केला. उल्का हल्ली पुन्हा माझ्याशी बोलू लागली आहे. खिडकीशी दिवा लावून, टेबलावर कॅरम मांडून आम्ही बसलो होतो. ती खुर्चीत, मांडीवर शाल. मी बोर्डावर चिमूटभर पावडर टाकली, साधी कॅरमची, आणि हाताने पसरली. फोन वाजला.

"तिकडे आहे का?"

"नाही," म्हणत मी खाली पडलेली सोंगटी उचलायला वाकलो.

टेबलाखाली, शालीच्या कडेशी, उल्काचं पाऊल सरकत होतं. डावीकडे… उजवीकडे… अगदी हलकं. वर ती स्ट्रायकरवर बोट ठेवून राणीवर नेम धरून होती.

"अहो, शोधता काय एवढं? डाव राहिलाय."

तिला कळलंच नव्हतं.

फोनमध्ये डेरेक वाट बघत होता. मी पुन्हा म्हटलं, "नाही… इथं कोणी नाही," आणि वाकलेलाच राहिलो. कारण डावा पाय पायपट्टीवर होता, मी ठेवला होता तसाच, निर्जीव.

सरकत होता तो उजवा. चांगला.