टोमॅटोला सांगितलेलं गुपित

खोलीचं दार उघडलं आणि सगळ्यात आधी मला दिसले दोन पाय.

बाथरूमच्या बेसिनखालून बाहेर आलेले. लांबसडक, चिखलाने माखलेले आणि अगदी स्तब्ध. दोनशे पायऱ्या चढून आधीच धाप लागली होती, त्यात हे.

"कोण आहे?" मी ओरडले.

"मिस्त्री," बेसिनखालून आवाज आला.

"आधी बाहेर या!"

"आलो असतो हो... पण हात सोडला तर खोलीत तळं होईल. तुम्ही दोन मिनिटं हा पाइप धराल का?"

धरला. करते काय! दोन मिनिटांची वीस झाली. पाना आणायला गेलेला हा माणूस पाना, चहा आणि "साखर चालते ना?" एवढं सगळं घेऊन परतला. मी खांद्याला पर्स, पायात बूट, अशी बेसिनखाली उकिडवी बसलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं... आणि नेमका माझा हात सटकला.

आमची ओळख झाली ती अशी. दोघंही नखशिखान्त भिजलेले आणि चहात अर्धा कप नळाचं पाणी.

ते गेस्टहाऊस त्याच्या मामा-मामींचं होतं. डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत, एकावर एक रचलेल्या घरांच्या मधोमध. नव्या नोकरीवर रुजू होण्याआधी आठ दिवस निवांत झोपायचं, एवढ्याच बेताने मी आले होते. पण मामींचे नियम वेगळे. गरम पाणी उन्हावर तापायचं, नऊनंतर संपायचं. आंघोळीचं पाणी भाजीच्या वाफ्यांना जायचं, म्हणून साबणही त्या देतील तोच. आपलं ताट आपण घासायचं. आणि प्रत्येक पाहुण्याने एक सकाळ वस्तीसाठी द्यायची, ज्याला जे येतं ते.

"तुला काय येतं गं?" मामींनी विचारलं.

"मी लोकांचे कान तपासते. कुणाला किती ऐकू येतं ते."

"अगंबाई! मग आमच्या ह्यांच्यापासूनच सुरुवात कर. सहा वर्षं झाली, ढिम्म ऐकू येत नाही. मी मेली एकटीच बोलत असते!"

ते खरंच होतं. मामी बोलत असायच्या. मामा अंगणात वेताच्या खुर्चीत बसून ढगांकडे बघत मंद हसत असायचे.

शिबिरांसाठीचं छोटं यंत्र माझ्या बॅगेत असायचंच. दुसऱ्या दिवशी कोठीच्या खोलीत, धान्याच्या डब्यांमध्ये, मी दुकान मांडलं. मामांच्या कानांवर हेडफोन चढवले. एकाही आवाजाला त्यांनी बोट वर केलं नाही, चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. मला शंका आली. मी हेडफोनमधून हळूच म्हटलं, "मामा, आवाज आला की 'हो' म्हणा, नाही आला तर 'नाही' म्हणा."

मी बारीकसा आवाज सोडला.

"नाही," मामा म्हणाले.

अजून बारीक.

"नाही."

सहा वेळा आवाज सोडला, सहाही वेळा मामा अगदी वेळेवर "नाही" म्हणाले. मी हेडफोन काढून नुसती बघत राहिले. मामांच्याही लक्षात आलं, चेहरा पार उतरला.

"पोरी, सांगू नकोस कुणाला. तीस वर्षं नोकरीवर असल्यासारखं ऐकलं. आता रजेवर आहे."

"पेशंटची गोष्ट माझ्याकडून बाहेर जात नाही," मी म्हटलं. हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

मामांनी या उपकाराची लगेच फेड केली. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, तर शेजारी येऊन पुटपुटले, "आमचा भाचा वाफ्यांना पाणी घालताना बोलण्याची तालीम करतो. मी बहिरा ना, मला कशाला लाजेल? 'तुम्ही इथेच राहिलात तर फार बरं होईल,' असं टोमॅटोला तीनदा म्हणाला. टोमॅटो लाल झाला, पण पुढे काही सरकेना."

माझ्या हातातलं ताट घसरलं.

त्यानंतर माझी पंचाईत झाली. मला सगळं ठाऊक, पण ठाऊक आहे हे सांगायची सोय नाही! मिस्त्री दिवसातून चारदा दारात यायचा. कधी नळ आवळायला, कधी न गेलेला बल्ब बदलायला.

"तुम्हाला काही बोलायचं होतं का?" मी मुद्दाम विचारायचे.

"हो... म्हणजे..." तो पाना या हातातून त्या हातात घ्यायचा. "नऊनंतर गरम पाणी नसतं."

"हे पाचव्यांदा सांगताय."

"महत्त्वाचं आहे ना..."

आणि तरीही मला तो आवडायला लागला होता. पहाटे पंपाच्या घरघरीने जाग येते, असं मी जेवताना सहज म्हणाले होते. दोन दिवसांनी पहाटे पंप गप्प. पंपच गेला होता डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला. अख्खा दिवस खपून मिस्त्रीने एकट्याने तो हलवला होता आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दिवसभर मी इतरांना ऐकू येतं का ते बघते. माझं कुणीतरी ऐकतंय, हे मला फार दिवसांनी जाणवलं.

आठवा दिवस उजाडला. दहाची बस होती, बॅग अंगणात आली. मामींनी मला पोटाशी धरलं. मिस्त्री जिन्यापाशी उभा होता, धुतलेला शर्ट घालून.

"तुम्ही... म्हणजे मला... असं वाटत होतं की..."

"काय?" माझा जीव कानांत गोळा झाला.

"पायऱ्या निसरड्या आहेत. सांभाळून जा."

मी बॅग उचलली. काय सांगू, रडूच यायला लागलं.

तेवढ्यात वेताची खुर्ची करकरली. मामा ताडकन उभे राहिले.

"अरे गाढवा! टोमॅटोला जे सांगतोस ते तिला सांग की एकदाचं!"

मामींच्या हातातला डाव खाली पडला आणि खणखणला. मामांनी दचकून खाली पाहिलं आणि स्वतःच पुराव्यावर शिक्कामोर्तब केलं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं?" मामी म्हणाल्या.

"काय म्हणालीस?" मामांनी कानामागे हात धरून शेवटचा प्रयत्न केला.

"सहा वर्षं! सहा वर्षं मी..." मामी एकदम थांबल्या. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. "आणि तुमच्या डोक्याला तेल लावताना मी जे जे म्हणायचे... तेही ऐकलंत?"

"तेच ऐकायला तर बहिरा राहिलो," मामा हळूच म्हणाले. "ऐकू येणाऱ्या नवऱ्याला तू तसं कधी म्हणाली नव्हतीस."

मामींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही.

मिस्त्रीने माझ्या हातातून बॅग घेतली. "बस चुकेल," म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला. मी मागोमाग. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"तुम्ही इथेच राहिलात तर फार बरं होईल," तो एका दमात म्हणाला.

"उद्या मला रुजू व्हायचंय."

"हं..." त्याने पुढची पायरी उतरून पाहिलं, परत वर आला. "मग मी थांब्यापर्यंत येतो."

थांब्यावर तो म्हणाला, बॅग जड आहे, आत ठेवून देतो. आत गेल्यावर म्हणाला, पुढच्या गावापर्यंत येतो, तिथून चालत परतेन. पुढचं गाव आलं, गेलं. मी खिडकीबाहेर बघत होते, पण त्याचा हात कधी माझ्या हातात आला ते मला नीट कळलं होतं. पाच तासांनी तो घरच्या रबरी चपलांमध्ये माझ्या आईच्या दारात उभा होता.

आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हे कोण?"

मी तोंड उघडणार, तोच तो पुढे झाला. या वेळी जराही न अडखळता बोलला.

"मी यांना सोडायला आलो होतो. पण आता सोडवत नाही."