तीन ठोके

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी धुक्यातून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले.

वेनिंगने उत्तर दिलं नाही.

ही घटना खरी आहे. जावा बेटावरच्या दिएंग पठाराची, मागच्या ऑगस्टमधली. वेळा वेनिंगच्या वहीतल्या आहेत. बाकीचं तिने नंतर स्वतः सांगितलं.

भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचं फील्डवर्क चालू होतं. दोघादोघांच्या जोड्या. दुपारी धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून सुगेंग सरांनी नियम घातला होता. दगडावर दोन ठोके म्हणजे ‘कुठे आहेस?’ तीन ठोके म्हणजे ‘इथे आहे, ये.’

"आणि लाल फडकं बांधलंय त्या खड्ड्यात उतरायचं नाही," सर म्हणाले. "खाली वायू साचतो. दिसत नाही, वास येत नाही. बसलात की बसलातच."

वाटाडे जुमादीकाका बटाट्याच्या शेतातून पुढे चालले होते. मागे न बघता म्हणाले, "ठोके ऐकले तर उत्तर द्या गं पोरींनो. तुम्ही नाही दिलंत तर दुसरं कुणीतरी देतं."

"बरंच की, काका. तेवढाच आमचा हात वाचेल," तितिस म्हणाली.

सगळे हसले. तितिस काहीही बोलली तरी सगळे हसायचे.

तीन वर्षं वर्गात वेनिंग पहिली होती. मग तितिस आली. आता सर तितिसची वही सगळ्यांसमोर धरायचे. "नकाशा असा काढतात. वेनिंग, तूही बघून घे जरा."

पठारावरच्या ज्वालामुखीच्या विवराजवळच्या निरीक्षण ठाण्यात एकच जागा भरायची होती. ज्याचा नकाशा सरस, त्याला ती मिळणार होती.

त्या दिवशी नेमकी दोघींची जोडी लागली. जमिनीचं तापमान मोजायला तितिस पुढे गेली, आणि धुकं उतरलं.

मग ते दोन ठोके...

हातोडी वेनिंगच्या हातात होती. दगड पुढ्यात होता.

‘बसू दे अडकून जरा,’ तिच्या मनात आलं. ‘एक दिवस तिचाही नकाशा अर्धवट राहू दे.’

दोन वाजून चौदा मिनिटं. पुन्हा दोन ठोके. या वेळी घाईचे.

वेनिंगने हातोडी मांडीवर ठेवली.

आणि मग...

टक्. टक्. टक्.

डावीकडून. खालून.

तिकडे फक्त लाल फडक्याचा खड्डा होता. बाकीच्या जोड्या टेकडीपलीकडे होत्या.

"आले गं, आले," धुक्यातून तितिसचा आवाज आला. तो डावीकडे सरकत गेला.

एक हाक पुरली असती. वेनिंगने मारली नाही.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी तितिस डावीकडूनच वर आली. बूट घोट्यापर्यंत राखाडी चिखलाने भरलेले. चेहरा लाल, पण हसरा.

"तू होतीस म्हणून वाचले बाई. पण सारखी जागा काय बदलत होतीस? आणि ऐक ना, वाटेत वाफेचं एक नवं तोंड सापडलं. तापमान घेऊन आले."

खड्ड्यातलं तापमान. ते कुणालाच घेता आलं नव्हतं.

वेनिंगला आधी भीती वाटली नाही. आधी हेवा वाटला. खड्ड्यात जे कुणी होतं, त्यालाही तितिसच आवडली होती.

"जोडी असावी तर अशी," रात्री जेवताना सर म्हणाले. वेनिंगने मान खाली घालून कौतुक घेतलं.

जागा तितिसला मिळाली.

या मे महिन्यात, सकाळी दहा वाजता, ठाण्यावरून तितिसचा फोन आला.

"काय गं, न सांगता आलीस इथे? चार दिवस ऐकतेय मी. दोन मारले की तुझे तीन येतात."

वेनिंग शहरात होती, तिथून चार तासांवर, विद्यापीठाच्या वाचनालयात.

"तितिस, मी तिथे नाही. त्या दिवशीचे ठोकेही माझे नव्हते. मी उत्तरच दिलं नव्हतं."

"का?"

"जळत होते तुझ्यावर."

मग फोनमध्येच, अगदी जवळून...

टक्. टक्. टक्.

तितिस हसली. "पुरे झाली थट्टा. दिसतेयस की मला. थांब तिथेच, आले."

फोन आणखी अकरा मिनिटं चालू होता. त्यात फक्त पावलं ऐकू येत होती. एका माणसाची नव्हेत.

ठाण्याच्या फाटकावरच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, तितिसच्या सुबक अक्षरात. बाहेर पडण्याची वेळ, दहा वाजून पाच मिनिटं. सोबत कोण, या रकान्यात ‘वेनिंग’.

परतल्याची वेळ अजून कोरी आहे.